अकोल्यातले लोक काहून हसले

शिबिराच्या पहिल्याच दिवशी साधनाताईंनी हॉलच्या दारात पत्र्याची कोठी मांडून ठेवली होती. ज्वारी साठवायची जुनी कोठी, कमरेएवढी, झाकणाला कडी असलेली. आत तळाशी एक गोधडी अंथरली होती. बावीस पोरं-पोरी रांगेनं आली, आपापला मोबाईल बंद केला आणि तान्हं लेकरू निजवावं तसा गोधडीवर अलगद ठेवून आत गेली. दीक्षा तेलगोटे सगळ्यांत शेवटी उभी होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "ताई, बंद करायलाच पाहिजे का? सायलेंटवर ठेवला तर?"

"कोठीत ज्वारी टाकतो आपण, तवा तिले सायलेंट करतो का?" साधनाताईंनी विचारलं.

याचा अर्थ काय, ते दीक्षाला कळलं नाही. पण पुढचं कुणीतरी हसलं, म्हणून तीही हसली आणि तिनं मोबाईल बंद केला.

दीक्षा अकोल्याची, जठारपेठेतली. वडील नागसेन एसटीच्या आगारात मेकॅनिक, आई माया सरकारी दवाखान्यात नर्स. दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले म्हणून तिला अमरावतीला माणिकआत्याकडे ठेवलं होतं. कॉलेज तिथलंच, डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लासही तिथलाच. आत्या मायाळू, पण सकाळी नऊला शाळेवर जायची ती संध्याकाळीच परतायची. मधल्या वेळात दीक्षा खोलीत एकटी. त्या एकटेपणात तिनं मोबाईलसमोर नकला करायला सुरुवात केली. नळावर भांडणाऱ्या बाया, क्लासचे सर, एसटीची कंडक्टर, सगळं ठसक्यात, वऱ्हाडीत. वर्षभरात नऊ हजार लोक तिला फॉलो करायला लागले. अर्ध्या मिनिटाच्या एका व्हिडिओसाठी ती पंधरा-पंधरा वेळा तेच करायची, पाहायची, पुसायची, परत करायची. अकरावीचा निकाल लागला तेव्हा या हौसेची किंमत काय पडली ते घरात सगळ्यांनाच कळलं.

आत्या रागावली नाही. मे महिन्यात पंधरा दिवसांचं नाटकाचं शिबिर आहे असं तिच्या कानावर आलं, तसं तिनं जाऊन नाव टाकलं. "तुले एवढी हौस हाय तं माणसाईसमोर कर," ती म्हणाली. "भितीकडे तोंड करून काय करून राहिली वर्षभर?"

साधनाताई दर्यापूरकडच्या शेतकरी घरातल्या. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. शिबिर सकाळी सात ते अकरा, कारण अकरानंतर अमरावतीचं ऊन माणसाला रस्त्यावर उभं राहू देत नाही. पहिले दोन दिवस दीक्षाची पंचाईत झाली ती हाताची. हात आपोआप खिशाकडे जाई आणि रिकामाच परत येई. मग तो कुठं ठेवायचा हे तिला सुचत नसे. ती केस मागे सारी, ओढणी नीट करी, पुन्हा केस मागे सारी.

तिसऱ्या दिवशी ताईंनी दोघादोघांना समोरासमोर बसवलं आणि सांगितलं की पाच मिनिटं फक्त एकमेकांकडे पाहायचं. दीक्षाच्या समोर विपुल आला. मूर्तिजापूरचा उंच, सावळा पोरगा, कमी बोलणारा. अर्ध्या मिनिटात दीक्षानं भुवया उडवल्या, मग गाल फुगवले, मग क्लासच्या सरांसारखं तोंड केलं. विपुल नुसता पाहत राहिला.

साधनाताई मागून आल्या. "कोणाले दाखवून राहिली ते?"

"विपुलला."

"तो तं पाहूनच राहिला तुयाकडं. त्याले आणखी काय दाखवतं?"

तोंड सरळ ठेवायचं म्हणजे नेमकं कसं ठेवायचं, हे तिला उरलेली चार मिनिटं उमगलं नाही. पाच मिनिटं संपली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते न मिटल्यामुळं आलं की कशामुळं, तेही तिला सांगता आलं नसतं.

नाटक कुणाचं लिहिलेलं नव्हतं, पोरांनीच रचलं. विपुलच्या घरामागून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेचा रूळ जायचा. गाडी बंद पडली आणि रुळांत गवत माजलं, तिथं आता शेळ्या चरतात. लहानपणी आपण रुळाला हात लावून गाडी लांब आहे की जवळ ते सांगायचो, असं तो एकदा सहज बोलून गेला. त्यावरून गोष्ट उभी राहिली. एक बंद पडलेलं स्टेशन. तिथला मास्तर, ज्याची बदली करायला वरचे लोक विसरून गेलेत. मोबाईलला रेंज मिळते म्हणून रोज फलाटावर येऊन बसणारा एक विद्यार्थी. आणि एक बाई. तिचा नवरा गँगमन होता. रूळ तपासत तपासत चालत गेला तो परत आलाच नाही. गाडी आली की तिच्याबरोबर तोही येईल, या आशेवर ती रोज त्याची भाकर बांधून स्टेशनावर येते.

दीक्षाला वाटलं होतं की मास्तरचं काम आपल्याला मिळेल, कारण हशा सगळा त्यातच होता. मास्तर विपुलला मिळाला, विद्यार्थी अंकुर नावाच्या पोराला. दीक्षाच्या वाट्याला बाई आली. अख्ख्या नाटकात तिला अकरा वाक्यं होती.

"ताई, मी कॉमेडी करते," ती म्हणाली. "तुम्ही माझे व्हिडिओ पाहिले नसतील."

"पाह्यले ना. सगळे पाह्यले."

"मग?"

"म्हणूनच."

म्हणूनच म्हणजे काय, हे विचारायचा धीर तिला झाला नाही.

जमिनीवर दोन लांब बांबू ठेवले की झाले रूळ. बाईनं यायचं, बांबूवर तळहात टेकवायचा, ऐकायचं आणि म्हणायचं, "येऊन राहिली." मास्तर समजावतो, विद्यार्थी चिडवतो. शेवटी ती गाठोडं सोडते आणि नवऱ्यासाठी आणलेली भाकर स्वतः खाते. तिथं नाटक संपतं. भाकर खरी असायची, ज्वारीची, ताईंच्या घरून यायची. दीक्षा रोज विचारी, खाताना मी रडू का? ताई रोज म्हणत, भुकेला माणूस खाताना रडत नाई. मग कसं खाऊ? भूक लागल्यासारखं. भूक लागल्यासारखं म्हणजे कसं, हे पाहायला तिच्याजवळ स्वतःचा व्हिडिओ नव्हता. शिबिरात कुणालाही काही शूट करू द्यायचं नाही असा ताईंचा नियम होता, आणि प्रयोगातही हाच नियम राहणार होता. कारण विचारलं की त्या दर वेळी वेगळं कारण सांगायच्या. एकदा म्हणाल्या, पोरं बुजतात. एकदा म्हणाल्या, मले आवडत नाई. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी, "तू जेवली का?" असं विचारून विषयच बदलला.

पहिला प्रयोग अमरावतीत झाला, संध्याकाळी सहाला, एका शाळेच्या सभागृहात. दीडेकशे माणसं होती. समोर अंधार, त्यामुळं दीक्षाला कुणाचं तोंड दिसलं नाही. भाकर खाताना एवढी शांतता होती की तिला स्वतःचं चावणं ऐकू आलं. नंतर बाया आत आल्या, कुणी तिच्या गालावरून हात फिरवला, एका आजीनं तर तिला जवळ ओढून घेतलं. आत्या रुमालानं डोळे पुसत होती. सगळे म्हणाले, छान झालं. काय छान झालं, हे मात्र कुणी सांगेना. दीक्षाला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. प्रवेश आठवत होता, टाळ्या आठवत होत्या, मधला सगळा भाग पुसून टाकल्यासारखा. घरी आल्यावर सवयीनं तिनं मोबाईल उघडला आणि मग तिच्या ध्यानात आलं की पाहायला काहीच नाही.

दुसरा प्रयोग अकोल्यात. तोही जठारपेठेत, तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवरच्या सभागृहात. आई ड्यूटी बदलून आली होती, बाबा आगारातून थेट आले होते, शेजारपाजारचे, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी, सगळे. दीक्षानं अमरावतीला केलं होतं तसंच केलं. निदान तिला तरी तसं वाटलं. ती आली, हात टेकवला, येऊन राहिली म्हणाली. शेवटी गाठोडं सोडलं, भाकर काढली, घास घेतला.

आणि लोक हसले.

एखाददुसरं माणूस नाही, चांगलं अर्धं सभागृह हसलं. घास दीक्षाच्या तोंडात तसाच राहिला. नऊ हजार लोकांना हसवायला ती वर्षभर खपली होती, आणि आज नको तिथं फुकटचं हसू मिळालं होतं. दिवे गेले. टाळ्या झाल्या. तिनं आत जाऊन तो घास थुंकून टाकला.

तिनं पहिलं विपुलला विचारलं. तो म्हणाला, "तुला नाही हसले. मागं कोणाचा तरी मोबाईल वाजला, भांडं पडल्यासारखी रिंगटोन होती."

"मला नाही ऐकू आली."

"मला आली ना."

अंकुर म्हणाला, रिंगटोन आधी वाजली, मास्तरच्या वेळी. हसले ते वेगळं. "तू लय मोठा घास घेतला. गाल असा फुगला. तुझ्या व्हिडिओत तू गाल फुगवते ना, डिट्टो."

मी गाल फुगवला? तिला आठवेना. फुगवला असेल तर तो आपोआप फुगला की जुन्या सवयीनं?

घरी जेवताना तिनं आईला विचारलं. माया ताटात वरण वाढत म्हणाली, "अवं, तू घास घेतला तं अशी दिसली जशी चतुराबाई. ते बाई अशीच गाल भरून ओट्यावर भाकर खाते, आपल्या गल्लीत सगळ्याईनं पाहेल हाय. घरचं माणूस समोर दिसलं तं हसूच येते. मीबी हसली."

"तू हसली?"

"हसली आन् रडली बी. त्यात काय."

"आधी हसली की आधी रडली?"

"आता ते कोण लक्षात ठेवते बाई," माया म्हणाली.

बाबांनी तर चौथंच सांगितलं. त्यांच्या मते कुणी हसलंच नव्हतं. लोक हळहळले होते, एकदम पुष्कळ माणसं हळहळली की तो आवाज हसण्यासारखा येतो. हे त्यांनी एवढ्या गंभीरपणे सांगितलं की दीक्षाला राग येईना आणि खरंही वाटेना. आज एक व्हिडिओ असता तर, ती मनात म्हणत राहिली. अर्ध्या मिनिटात फैसला झाला असता. रिंगटोन होती की गाल होता, चतुराबाई होती की काही नव्हतंच.

सकाळी तिनं साधनाताईंना फोन लावला. ताई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "लोक हसले तं हसले. तवा तू काय करून राह्यली होती?"

"भाकर खात होते."

"कशी लागली?"

"म्हणजे?"

"भाकर कशी लागली? खारट, कोरडी, शिळी, कशी?"

दीक्षानं आठवून पाहिलं. "नाही आठवत."

"मंग लोक सभागृहात होते. तू कुठी होती?"

हे वाक्य तिला दिवसभर छळत राहिलं. मी तर तिथंच होते, असं ती स्वतःला बजावी, आणि लगेच तिच्या लक्षात येई की घास घेतला तेव्हा आपण मनातल्या मनात सभागृहाच्या मागच्या भिंतीशी उभं राहून आपल्याकडेच पाहत होतो. नीट दिसतंय का, एवढंच तपासत होतो. पण ते वाईट आहे का? सगळेच तसं करत नसतील का? विचारावं तर कुणाला, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगणार.

तिसरा आणि शेवटचा प्रयोग मूर्तिजापूरला, विपुलच्या वस्तीतल्या शाळेच्या पटांगणात. आदल्या दिवशी दीक्षानं बाबांना गाठलं. "बाबा, तुम्ही येणार आहात ना उद्या? मोबाईल छातीशी धरून बसा. कुणाला दिसू नका. फक्त शेवटचा भाग घ्या."

नागसेननी विचारलं, "तुया ताईनं नाई म्हटलं हाय ना?"

"मला फक्त पाहायचंय. कुठं टाकणार नाही."

पोरीसमोर त्यांचं कधी चालत नसे. ते हो म्हणाले.

मूर्तिजापूरला पडदा नव्हता, अंधारही नव्हता. साडेपाचची वेळ, निंबाच्या झाडाखाली सतरंज्या, पुढं दहा-बारा खुर्च्या, बाजूला एक मोठा उभा पंखा घरघरत होता. ऊन अजून तिरपं अंगावर येत होतं. आणि दीक्षाला पहिल्यांदाच प्रेक्षकांची तोंडं दिसत होती. एक बाई लेकराला पाजत होती. दुसऱ्या रांगेत बाबा छातीशी हात धरून अवघडून बसले होते. पुढच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरं धोतर, पांढरा सदरा, दोन्ही हात काठीच्या मुठीवर.

नाटक सुरू झालं आणि शेवटच्या प्रवेशापर्यंत नीट चाललं. दीक्षा आली. तिनं बांबूवर तळहात टेकवला. बांबू उन्हानं तापला होता, हात चटकन मागे घ्यावासा वाटला, पण घेतला नाही. "येऊन राहिली," ती म्हणाली.

"नाई वं बाई," पुढचे म्हातारे म्हणाले. "ते बंद झाली."

ओरडून नाही, चेष्टेनं नाही. रस्त्यात कुणी चुकीच्या दिशेनं निघालेलं दिसलं तर सांगावं, तसं. मागं दोन-चार पोरं फिसफिसली. पुढचं वाक्य विपुलचं होतं. विपुलनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याच्या डोळ्यांत दीक्षाला दिसलं की त्याला काहीच सुचत नाही. तिनं मान वळवून म्हाताऱ्यांकडं पाहिलं. त्यांची भुवई पांढरी होती, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची झाक होती आणि ते सरळ तिच्याकडं पाहत होते.

"कवापासून?" तिनं विचारलं.

हे वाक्य अकरा वाक्यांत नव्हतं.

"लय वर्सं झाली. मी होतो ना तिथी गँगवर." ते काठीवर जरा पुढं झुकले. "तुया हाताले जे लागून राह्यलं ना, ते उन्हाचं हाय. रूळ तापला का असाच थरथरते. आमीबी फसत होतो."

कुणीच हसलं नाही, किंवा हसलं असेल तर दीक्षाला ऐकू आलं नाही. तिचा हात अजून बांबूवर होता. तिनं गाठोड्याकडं पाहिलं. "मंग हे भाकर?"

"खाऊन घे," ते म्हणाले. "दिवसभराची उपाशी असशीन."

ती खाली बसली. गाठ सोडली. भाकर सकाळची होती, कडा कडक झालेल्या, मधे ठेच्याचं तेल उतरून ओली झालेली. ठेचा एवढा तिखट की पहिल्याच घासाला नाकात पाणी आलं. तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. म्हातारे पाहत होते. तिला खरंच भूक लागली होती; दुपारी ती धास्तीनं जेवली नव्हती. भाकर संपत आली तेव्हा विपुलनं मास्तरचं शेवटचं वाक्य हळूच म्हटलं आणि नाटक संपलं.

टाळ्या झाल्या, पोरं नाचली, विपुलच्या आईनं सगळ्यांना आमरस वाढला. साधनाताई दीक्षाजवळ आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी पे. तिखट लागलं ना?" चांगलं झालं की नाटक बिघडलं, याबद्दल अक्षर नाही. दीक्षाही विचारायचं विसरली. गर्दीतून तिनं पुढच्या खुर्चीकडं पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या घरी माया ड्यूटीवरून आली ती चप्पल काढता काढता म्हणाली, "दाखव ना वं. तुये बाबा म्हणत होते घेतला म्हणून." मूर्तिजापूरला तिला सुट्टी मिळाली नव्हती.

दीक्षानं अजून तो पाहिला नव्हता. का पाहिला नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मायलेकी पलंगावर बसल्या आणि मोबाईल मधे धरला. बाबांनी मोबाईल छातीशी धरला होता, त्यामुळं त्यांच्या श्वासागणिक सगळं पटांगण हलत होतं. पंख्याची घरघर एवढी की म्हाताऱ्यांचा एक शब्द ऐकू येत नव्हता. त्यांची फक्त पांढरी टोपी कोपऱ्यात दिसत होती. दीक्षा काही तरी बोलते, थांबते, बसते, खाते. जो वेळ तिला एवढा मोठा वाटला होता, तो मोबाईलात पुरता एक मिनिटही नव्हता. तिला एकदम वाटलं की हे दुसऱ्याच कुणाचं आहे. आणि टोपी? त्यांच्या डोक्यावर टोपी होती? तिला भुवई आठवत होती, डोळा आठवत होता. टोपी साफ आठवत नव्हती.

"कोणासंग बोलून राहिली तू?" मायानं विचारलं. "काई समजत नाई याच्यात."

मग दीक्षानं मोबाईल उशीखाली सारला आणि सांगायला लागली. सांगता सांगता उठून उभी राहिली. बांबू कुठं होता, ते कुठं बसले होते, विपुलचं तोंड कसं उघडं राहिलं, भाकर किती कडक होती. म्हातारे कसे बोलले ते तिनं त्यांच्या आवाजात सांगितलं, पण नक्कल झाली नाही. आवाज आपोआप खाली आला. माया हनुवटीला हात लावून ऐकत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "बरं, मंग तो माणूस घरी कसा गेला?"

"म्हणजे?"

"एवढा म्हातारा, डोळ्यात मोती, एकटा आलता. उन्हाचा गेला कसा? कोणी सोडून देल्लं का?"

एवढं सगळं पाहिलं होतं, आणि ते मात्र पाहिलं नव्हतं.

त्या रात्री तिनं साधनाताईंना संदेश पाठवला की मी बाबांकडून चोरून शूट करून घेतलं. सकाळी उत्तर आलं: "बरं." त्या रागावल्या, की त्यांना आधीच ठाऊक होतं, की फरकच पडत नव्हता, याचा त्या एका शब्दावरून तिला पत्ता लागला नाही.

पुढच्या रविवारी ऊन चढायच्या आत बाबांनी मोटारसायकल काढली. विपुलकडून तिनं विचारून घेतलं होतं: पुंजाजी नाव, रेल्वेतून निवृत्त, शाळेच्या मागच्या गल्लीत सुनेजवळ राहतात. जाऊन काय बोलायचं, हे मात्र तिनं ठरवलं नव्हतं. रस्ताभर ती वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य तिला खोटं वाटत होतं.

पुंजाजी अंगणात बाजेवर बसले होते. बाबांनी जय भीम घातला, त्यांनीही हात जोडले. मग डोळे बारीक करून ते दीक्षाकडं पाहत राहिले. आज ती जीन्समध्ये होती, केस मोकळे.

"हयातीच्या दाखल्याचं काम हाय का?" त्यांनी विचारलं. "तो तं मी देल्ला. बँकेत जाऊन देल्ला."

"नाही आजोबा. मी त्या दिवशी शाळेत..." ती अडखळली. "नाटक होतं ना. तुम्ही आला होता."

"हो हो. आलतो." त्यांचा चेहरा उजळला. "बसा. चहा ठेवा वं," त्यांनी आत हाक दिली. मग बाजेवर जागा करून दिली आणि आवाज उतरवून म्हणाले, "तू होती का तिथी? मंग तुले माईत असन. मले ते सुनेनं लवकर घरी आणलं, चक्कर येईन म्हणे. ते बाई मंग गेली का घरी?"

दीक्षानं बाबांकडं पाहिलं. बाबा जमिनीकडं पाहत होते. म्हातारबा थट्टा करताहेत का? तिनं त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. थट्टेची सुरकुती कुठं दिसली नाही, पण ती नव्हतीच असंही छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. मीच ती, असं सांगावं का? सांगितलं तर काय होईल? ते उत्तराची वाट पाहत होते, घाई न करता.

"गेली," दीक्षा म्हणाली.

"जेवली होती ना नीट?"

"हो. पूर्ण भाकर खाल्ली."

"बरं झालं," पुंजाजी म्हणाले. "मले तेच वाटत होतं."

आतून सून चहा घेऊन आली. दीक्षानं कप दोन्ही हातांनी धरला. चहा फार गोड होता. पुंजाजी बाबांना आगारातल्या गाड्यांबद्दल विचारायला लागले, आणि ती त्यांच्या शेजारी बाजेवर बसून राहिली, ऊन पायांपर्यंत येईस्तोवर.